सुटली म्हण

कुणी रडायला लागलं की आमच्या बाई आधी खाली बसायच्या. घर असो, बाजार असो, नाहीतर मोटार स्टँड असो. जागा झाडलेली आहे का, आपल्या अंगावर धुवट पांढरं खादीचं लुगडं आहे का, असलं काही त्या बघत नसत. रडणारं माणूस ओळखीचं असायला हवं, असंही नव्हतं. एकदा वर्ध्याच्या मोटार स्टँडवर सासरी निघालेली एक कोवळी पोर ट्रंकेवर बसून हुंदके देत होती. तिची माणसं तिच्याभोवती उभी राहून तिला गप्प करत होती. बाई गर्दीतून वाट काढत गेल्या आणि ट्रंकेशेजारी मातीत चक्क मांडी घालून बसल्या. आम्ही वसतिगृहातल्या मुली लाजेनं अर्धमेल्या झालो. गाडी आली, धूळ उडाली, बाई हलल्या नाहीत. बोलल्याही फारसं काही नाहीत. "रड माय, रड. मी आहो इथं," एवढंच. गाडी सुटताना त्या पोरीनं मान वळवून पाहिलं ते आपल्या माणसांकडे नाही, बाईंकडे.

बसणं सोपं होतं, उठणं अवघड. बाई अंगानं भरपूर होत्या. दोघींनी दोन हात धरायचे, तिसरीनं पाठीला रेटा द्यायचा आणि बाई खालून हुकूम सोडणार, "कापसाची गठाण समजा वं पोट्ट्यांनो, अन् ओढा!" आम्ही त्यांना मागून 'बैठकबाई' म्हणायचो. त्यांना ते कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपली धडगत नाही. तर म्हणाल्या, "बरं नाव आहे. उभ्या माणसापाशी कोणी मनातलं सांगत नसते. त्याले वाटते, हे बाप्पा आता निघालंच."

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. वर्ध्याहून पिपरीकडे जाताना त्या काळी दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती, आणि त्या शेतांच्या कडेला आमचं मुलींचं वसतिगृह, लांबट, कौलारू. बाई तिथल्या व्यवस्थापिका. त्यांचे यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. यजमानांबद्दल त्या 'आमचे मास्तर' म्हणून बोलायच्या, आणि ते नुकतेच शाळेत गेले असून संध्याकाळी येतीलच, अशा थाटात बोलायच्या. सकाळी प्रार्थनेनंतर सूतकताई असे. बाईंचं सूत दर हातभर अंतरावर तुटायचं. "माहं सूत माह्यासारखंच," म्हणायच्या, "जाडं अन् तुटकं. पण कोणी न कोणी नेसनच." ओरडायच्या भरपूर. भाकर टाकून दिलेली दिसली की अख्खं वसतिगृह हादरे. पण त्यांचं ओरडणं भाकरीसाठी, दिव्यासाठी, उघड्या राहिलेल्या नळासाठी असायचं. मुलीच्या रडण्यावर त्या कधी ओरडल्या नाहीत.

मी तिथं आले ती दिवाळीनंतर, अर्ध्या वर्षात. आमचं गाव देवळीच्या पुढं. घरी शेती, आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण सुमन. त्या वर्षी श्रावणात सुमन तापानं गेली. सात वर्षांची होती. ती गेली, आणि घरात तिचं नाव घेणं बंद झालं. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं, पण झालं. तिचं पोलकं, तिच्या रिबिनी, तिची पाटी आईनं कुठं ठेवली ते मला अजूनही माहीत नाही. मी तिचं नाव घेतलं की आई उठून आत जायची आणि बाबा बैलांकडे. मग मीही घेईनाशी झाले. शेवटी बाबांनी ठरवलं की पोरीचं मन रमायला हवं, हुशार आहे, वर्ध्याला शिकू दे. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना दुसरं काय सुचणार होतं?

इथं आल्यावर मी स्वतःच्या हाताला इजा करायला लागले. कसं आणि कशानं, ते मी सांगणार नाही. ते ऐकून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण लोकांना जे वाटतं ते खरं नाही, एवढं सांगते. मला मरायचं नव्हतं. मला नाटक करायचं नव्हतं, नाहीतर मी लपवलं कशाला असतं? आत काहीतरी तुंबून राही, त्याला शब्द नव्हते, आणि शब्द असते तरी ऐकायला माणूस नव्हतं. हात दुखला की क्षणभर ते तुंबलेलं हलल्यासारखं वाटे. आणि मग लाज. त्या लाजेचं ओझं आधीच्या ओझ्यावर येऊन पडे, म्हणजे हिशेब नेहमी तोट्याचाच. तरी हात पुन्हा जाई. ज्यानं हे भोगलेलं नाही त्याला हे मूर्खपणाचं वाटेल, आणि वाटू दे, मी त्याच्याशी भांडणार नाही.

लपवणं सोपं होतं. कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत कुणाचे हात धड असतात? सुटीच्या दिवशी आम्ही मुली शेजारच्या शेतात वेचणीला जायचो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळलेल्या बोंडांची टोकं अशी लागतात की मनगटापासून कोपरापर्यंत सगळ्यांचे हात ओरबाडलेले. "काय झालं वं हाताले?" कुणी विचारलं की मी म्हणायची, "पऱ्हाटी लागली." संपलं. तिथं कुणालाही याहून जास्त काही विचारावंसं वाटलं नसतं. बाईंनीही विचारलं नाही. त्यांचे स्वतःचेच हात तसे होते.

पण वेचणी संपली, पऱ्हाट्या उपटून त्यांच्या मोळ्या झाल्या, फाल्गुनातलं ऊन तापायला लागलं आणि मी आपली अजून लांब बाह्यांच्या पोलक्यात. रविवारी बाई मुलींच्या डोक्याला तेल लावायच्या. ओसरीवर एकेकीला पुढ्यात घेऊन बसायच्या आणि तेलाबरोबर सगळ्या आठवड्याचा राग डोक्यात चोळायच्या. माझी पाळी आली. मी हात वर करून केस सोडवायला गेले, बाही सरकली. डोक्यावरचा त्यांचा हात थांबला. मग तो पुन्हा फिरू लागला. तेल पुरतं लावलं, वेणी घातली, आणि म्हणाल्या, "चाल माह्यासंगं."

आपल्या खोलीत नेऊन त्यांनी दार लोटलं. त्या जमिनीवर बसल्या, मला बसवलं, माझी बाही वर केली आणि पाहत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील, काऊन केलं, कवापासून करून राह्यली. पण बाईंना रडू फुटलं. इतकी जाडजूड, खणखणीत बाई, पण लहान मुलीसारखी रडली. मग त्यांनी माझा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माह्या गळ्याची शपथ घे. पुन्हा असं करणार नाई म्हण. म्हण!"

मी शपथ घेतली. काय करणार होते? आमच्याकडे गळ्याची शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे. ज्याच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली, ती मोडली तर ते माणूस जगत नाही, हे आम्हाला दुधाच्या दातांपासून ठाऊक. बाईंचं डोळ्यांतलं पाणी माझ्या मनगटावर पडत होतं, त्यांचा गळा माझ्या बोटांखाली ऊन लागत होता, आणि मी म्हटलं, "तुमच्या गळ्याची शपथ." बाईंनी डोळे पुसले, मला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन औषध लावून आणलं, आणि त्यांना वाटलं, झालं, पोर वाचली. प्रेमापोटी माणूस जी चूक करतं ती त्यांनी केली होती. बाईंचं मोठेपण त्या चुकीतून पुढं दिसलं, म्हणून ती सांगते आहे.

शपथ मी उन्हाळाभर पाळली. पावसाळाही काढला. कशी पाळली ते माझं मला ठाऊक. मग भादव्याची पौर्णिमा आली आणि वसतिगृहात भुलाबाई बसली. आमच्या विदर्भात भुलाबाई म्हणजे मुलींचा महिना. मातीच्या भुलाबाई-भुलोजी पाटावर मांडायच्या, टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. डबा हलवून, आवाज ऐकून ओळखायची असते ती. आमची सुमन डबा हलवायचीच नाही. नाकाला लावून हुंगायची आणि रोज एकच ओरडायची, "मुरमुऱ्याचे लाडू!" एकदासुद्धा बरोबर आलं नाही तिचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरमुऱ्याचे लाडूच.

त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या एका लहानग्या मुलीनं डबा घेतला, नाकाशी नेला आणि ओरडली, "मुरमुऱ्याचे लाडू!" सगळ्या हसल्या. मीही हसले. खिरापत हातात घेऊन मी मागच्या मोरीकडे गेले. शपथ मोडली.

आठवड्याच्या आत बाई अंथरुणाला खिळल्या. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. त्या काळी मुदतीच्या तापाचं नाव घेतलं की घरात बोलणं हळू व्हायचं. त्यांच्या खोलीकडे मुलींना बंदी झाली, आणि मग त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात हलवलं. स्वयंपाकाच्या काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "चांगली हत्तीसारखी बाई, कोणाचं काय लागलं बाप्पा तिले!" त्या आपल्या सहज बोलत होत्या. मला मात्र कोणाचं काय लागलं ते नक्की ठाऊक होतं. माझा हात ज्या गळ्यावर होता, त्या गळ्याखाली आता पाणी उतरत नव्हतं. बहीण आधीच गेली होती, आता बाईंना मी मारत होते.

आज मी हे शांतपणे सांगते, पण तेव्हा मी वेडीपिशी झाले होते. मी जेवण सोडलं. कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, हिनं बाईंना मारलं. जीव घाबरला की हात पुन्हा हाताकडे जायचा, आणि गेला की वाटायचं, बाईंचा ताप आणखी चढला असेल. त्या शपथेनं माझा हात थांबवला नाही, माझं तोंड तेवढं बंद केलं. शपथा घालून माणसाला बरं करू पाहणाऱ्यांना मी हे आजही सांगते.

दिवाळीच्या तोंडावर बाईंचा ताप उतरला आणि त्या वसतिगृहात परत आल्या. उतरला म्हणजे जीव वाचला इतकंच. डोक्यावरचे केस गळाले होते आणि पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. एका दुपारी काकूंनी मला निरोप दिला की बाईंनी बोलावलंय. विमल, म्हणजे मी, जेवत नाही, हे काकूंनीच त्यांच्या कानावर घातलं होतं. मी दाराशी उभी राहिले. बाई खाटेवर पडून होत्या. म्हणाल्या, "तिकडे काऊन उभी आहे? ये इकडे. काय वं, मी वाळली तं वाळली, तू कायले वाळून राह्यली?"

मी पुढं झाले नाही. तिथूनच ओरडल्यासारखी बोलले, "बाई, मी शपथ मोडली. भुलाबाईच्या दिवशी मोडली. माझ्यामुळे तुम्हाला ताप आला. मी हात लावत नाही तुम्हाला, तुम्ही मराल."

बाईंनी खाटेच्या कडेला धरलं आणि उठायला लागल्या. काकू धावल्या, "अवो बाई, डॉक्टरनं उठाले नाई सांगतलं!" पण बाई सरकत सरकत खाटेवरून खाली जमिनीवर आल्या. धाप लागली होती. हातानं फरशी थोपटून म्हणाल्या, "बैस."

मी बसले.

"हा ताप खराब पाण्याचा आहे," त्या म्हणाल्या. "त्या दवाखान्यात माह्या दोन्हीकडच्या खाटाइवर हाच ताप होता. त्या लोकाइची शपथ कोणी मोडली होती? सांग." त्या पुढं म्हणाल्या, "चुकी माही आहे. तुले आधीच जड झालं होतं, अन् मी माहा गळा अजून तुह्या हातात देला. मले भेव वाटलं पोरी. मले वाटलं, शपथ घातली की माहं भेव जाईन. तुह्यासाठी नाई, माह्यासाठी घातली मी थे."

मोठं माणूस लहान मुलीला 'माझं चुकलं' म्हणतंय, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग त्यांनी माझा हात धरला. मी ओढून घेत होते, त्यांनी सोडला नाही. "लहानपणी शपथ कशी सोडवत होतो आपण? सुटली म्हणत होतो का नाई? म्हण, शपथ सुटली."

"असं म्हटल्यानं सुटते का बाई?"

"ज्याची असते त्यानं सोडली की सुटते. गळा माहा आहे. मी सोडून राह्यली. सुटली म्हण."

"सुटली," मी म्हटलं, आणि मला असं रडू आलं की सुमन गेली तेव्हाही आलं नव्हतं. बाई बसून होत्या. काकू दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, "भुलाबाईच्या दिवशी काय झालं होतं?" मी खिरापतीचं सांगितलं. सुमन डबा हुंगायची ते सांगितलं. बाई ऐकत होत्या, आणि मध्येच त्यांना हसू आलं. "रोज मुरमुऱ्याचेच म्हणे? हटेली होती पोट्टी!" म्हणाल्या. सुमन गेल्यावर तिच्यावर कुणी हसलं, म्हणजे ती होती असं कुणी मानलं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

त्यानंतर आमच्यात शपथ नव्हती. "सांगत जाजो," एवढंच त्यांचं म्हणणं. "जीव घाबरला की येजो. आधी आली तं चांगलं. नंतर आली तं बी चांगलं. नंतर आली म्हणून मी रागावणार नाई, पण लपवजो नको." मी जायची. कधी आधी, कधी नंतर. नंतर गेले की त्या आधी पाणी आणि कापूस घ्यायच्या, हात धुवायच्या, पट्टी बांधायच्या, जास्त असेल तर डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जायच्या. जेवली का, झोप लागते का, असं काहीबाही विचारत राहायच्या. आधी गेले की कामाला लावायच्या. त्यांचं तुटकं सूत सोडवायला देत, नाहीतर तुरीची डाळ निवडायला, आणि शेजारी बसून आमच्या मास्तरांच्या गोष्टी सांगत. तासाभरानं ती घाबरगुंडी उतरायची. उतरते, हे मला त्या काळात कळलं. आधी मला ते खरंच माहीत नव्हतं.

शाळेतल्या एक मास्तरीणबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "लक्ष वेधून घ्यायला करते हो ती. तुम्ही उगाच डोक्यावर चढवून ठेवलीय." आम्ही ओसरीवर होतो, मला ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "लक्ष पाह्यजे म्हणून करते म्हणता? मंग द्या ना लक्ष. फुकट आहे थे." मास्तरीणबाई उठून गेल्या त्या पुन्हा महिनाभर आल्या नाहीत.

पण खरी कसोटी माझ्या घरच्यांची होती. बाईंनी मला आधी विचारलं, "तुह्या बाबाले सांगा लागन. मी सांगू का तू सांगशील?" मी म्हटलं, तुम्ही सांगा, पण मी तिथं असेन. त्याच दिवाळीला न्यायला बाबा आले. बैलगाडी फाटकाशी सोडून ते टोपी हातात घेऊन बाईंच्या खोलीच्या दारात उभे राहिले. बाईंनी सगळं सांगितलं, काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "काऊन?" ते म्हणाले. "काय कमी आहे तिले घरी? कोणी मारलं, का कोणी उपाशी ठेवलं? बाई, हे बाहेरचं आहे. आमच्याकडे एक अंगारा देणारा जाणता आहे, त्याले दाखवतो. नाई तं माघात उजवून टाकतो पोरीले. शाळा पुरे झाली."

गेलं, सगळं गेलं, असं वाटलं. शाळा गेली, बाई गेल्या, आणि मी कुठल्याशा घरात हे सगळं घेऊन एकटी.

बाई म्हणाल्या, "भाऊ, लग्न लावलं की घर बदलते. हात तं हेच राह्यतात. तिथं पोरीजवळ कोण बसन?" मग बाईंनी विचारलं, "सुमन कशी होती?"

बाबा दचकले. ते नाव त्यांच्या कानावर वर्षाहून जास्त दिवस पडलं नव्हतं. त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "बरी होती," म्हणाले. "चांगली होती." आणि मग माझा उंचापुरा, शेतात दोन माणसांचं काम करणारा बाप भिंतीला टेकून उभ्याउभ्या रडायला लागला. बाईंना अजून धड चालता येत नव्हतं. तरी त्या भिंतीच्या आधारानं हळूहळू खाली बसल्या. बाबा घाबरले, "बाई, तुम्ही बिमार माणूस, असं काय करता," म्हणत त्यांना उठवायला वाकले, आणि वाकता वाकता स्वतःच बसले.

बाबा सांगत होते, "मी कडेवर घेऊन देवळीले नेलं तिले. गाडी जुपाले वेळ नव्हता. रस्त्यानं म्हणे, बाबा, तुम्ही थकले, मले उतरवा, मी चालतो." हे मला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं, हे नंतर कळलं. तो माणूस हे एकटा घेऊन बैलांमागे फिरत होता. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझी बाही वर केली. मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, "दुखते का, विमल?" घरातल्या माणसानं मला पहिल्यांदा विचारलेला तो प्रश्न. मी म्हटलं, "हो बाबा." त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. जाणत्याचा विषय पुन्हा निघाला नाही, लग्नाचाही नाही. दिवाळी संपल्यावर त्यांनीच मला वसतिगृहात आणून सोडलं, बाईंसाठी घरच्या तुपाचा डबा घेऊन.

तेव्हापासून मी साफ बरी झाले, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. पुढंही हात जात राहिला. मधलं अंतर वाढत गेलं. एकदा बरेच महिने चांगले गेले आणि मॅट्रिकच्या परीक्षेआधी पुन्हा झालं. मी बाईंना म्हटलं, "सगळं पाण्यात गेलं." बाई म्हणाल्या, "पाण्यात कसं जाईन? एवढे महिने तू जगली थे का खोटं होतं? पडला माणूस म्हणजे चाललाच नाई, असं होते का?" आणि पट्टी बांधून मला परीक्षेच्या अभ्यासाला बसवलं. मी पास झाले.

मी निघाले तेव्हा बाई फाटकापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, आता मी मोठी झाले. आता शपथ घेते, खरी घेते." बाईंनी माझं तोंड आपल्या तेलकट हातानं दाबलं. म्हणाल्या, "शपथ नको. माणूस शोधजो. मी काही जन्माले पुरणार नाई तुले." मला त्यांचा राग आला. निरोपाच्या वेळी असं बोलतात का?

त्यांनी सांगितलेलं मी केलं नाही. लग्न झालं, पवनारला घर केलं. यजमान वर्ध्याच्या कचेरीत कारकून, मोटारीनं जाऊन येऊन. शांत माणूस, पण मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. हातावरचे जुने वण त्यांनी पाहिले असतीलच. त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. देवळीला बाई भावाकडे राहायला गेल्या होत्या. जीव घाबरला की मी देवळीची मोटार धरायची आणि त्यांच्यापाशी जाऊन बसायची. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पौषातल्या एका सकाळी देवळीहून एक ओळखीचे गृहस्थ पुढच्या गावी जाताना घरी डोकावले आणि उभ्याउभ्या सांगून गेले की बाई गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. मी चहा विचारला, ते नको म्हणाले. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उभी राहिले. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती तेवढी घाबरगुंडी एकदम आली. बाई नाहीत. आता जायचं कुठं? हात कुठं जाणार, हे मला ठाऊक होतं.

यजमान बाहेरच्या खोलीत कोटाची बटणं लावत होते. मोटारीची वेळ झाली होती. मी दारात गेले. मग म्हटलं, "बाई गेल्या. माझा जीव फार घाबरलाय. असा घाबरला की मी माझ्या हाताला इजा करते. पूर्वी फार करायची. आज तुम्ही गेलात तर करीन. मला एकटीला सोडू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "नाही जात." रस्त्यावर मोटार थांबली, भोंगा वाजला, गेली. कोपऱ्यात तुरीच्या शेंगांची टोपली होती, रात्रीच्या आमटीसाठी आणलेली. त्यांनी ती ओढून मध्ये घेतली, मला बसायला पाट दिला आणि सोलायला सुरुवात केली. त्यांना सोलता येत नव्हतं. निम्मे दाणे घरभर उडत होते. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कोण होत्या गं ह्या बाई?"

मी सांगू लागले. दुपारची भूक कुणालाच आठवली नाही. बोलता बोलता मी रडत होते, सोलत होते, पुन्हा बोलत होते. दिवेलागणीला टोपली रिकामी झाली तेव्हा मी खाली पाहिलं. बोटं शेंगांनी हिरवी झाली होती. त्या दिवशी हाताला दुसरं काही झालं नाही.